खरं किती, पदरचं किती?

नगर जिल्ह्यातल्या गावात कथाकाराचा कार्यक्रम असला, की शेवटची दहा मिनिटं सगळ्यांत मजेची असतात. भाषण झालेलं असतं, शाल-नारळ झालेला असतो, मागे चहाचे कप वाजायला लागलेले असतात. सूत्रसंचालक घड्याळाकडे बघत म्हणतात, 'कुणाला काही विचारायचं असेल तर दोन प्रश्न घेऊ.' पुढच्या रांगेतून आशय, अभिव्यक्ती, प्रेरणा असले शब्द असलेला एक प्रश्न येतो. त्याचं उत्तर कुणी फारसं ऐकत नाही. मग मागून एक जण उठतो. कधी शेतकरी, कधी साखर कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार, कधी झेडपीच्या शाळेतले गुरुजी. प्रश्न जवळजवळ ठरलेला: 'सर, गोष्ट भारी झाली. पण यातलं खरं किती अन् पदरचं किती?'

सभागृह हसतं. पाहुण्यांसमोर गावाने अडाणीपणा दाखवला म्हणून पुढची रांग जरा संकोचते. लेखकाकडे ठेवणीतलं उत्तर असतं: सगळं खरं आणि सगळं पदरचं. टाळ्या पडतात, आभार होतात. प्रश्न विचारणारा मात्र खाली बसताना शेजाऱ्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटतो, आणि बहुतेक वेळा ते एखाद्या माणसाचं नाव असतं. कथेतला माणूस कोण, हे त्याने केव्हाच ओळखलेलं असतं. त्याला फक्त लेखकाचा दुजोरा हवा होता.

मराठी समीक्षेने या वाचकाला कधी फारसं मोजलं नाही. कथा ही कलाकृती, तिचं जग स्वयंपूर्ण, बाहेरच्या माणसांशी तिची गाठ घालू नये, हे आपल्याला कॉलेजात शिकवलं जातं. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. तरीही मला मागच्या रांगेची बाजू घ्यायची आहे. कथासंग्रहाला मिळणारी सर्वांत गंभीर दाद 'हा कोण?' या चौकशीतूनच येते, असं माझं मत या जिल्ह्यातले वाचक बघत बघत झालं आहे. आणि या चौकशीला इथे इतका जुना इतिहास आहे, की तिला अडाणी म्हणणाऱ्यानेच थोडं मागे जाऊन वाचावं.

नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानदेवांनी गीतेचं निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते उतरवून घेतलं. ज्या खांबाला टेकून ते सांगितलं अशी श्रद्धा आहे, तो पैसाचा खांब आजही तिथे आहे. दुर्गा भागवतांनी आपल्या लेखसंग्रहाला 'पैस' हेच नाव दिलं. ज्ञानेश्वरीला आपण तत्त्वज्ञानाचा ग्रंथ म्हणून हात जोडतो, पण तिच्यात समोर बसलेला श्रोता किती जागा व्यापतो हे बघण्यासारखं आहे. ज्ञानदेव त्याच्याकडे अवधान मागतात, त्याच्याशी सलगी करतात, आपण वाहवत गेलो तर क्षमा मागतात. श्रोते मध्येच बोलतात, आता मूळ मुद्द्यावर या असं सुचवतात. या जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथात ऐकणाऱ्यांच्या प्रतिक्रिया आतच नोंदवलेल्या आहेत.

पुढचं नाव राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादच्या महिपतींचं. १७१५ ते १७९० हा त्यांचा काळ, आणि काम गावच्या कुलकर्ण्याचं. जहागीरदाराच्या बोलावण्यावरून पूजा टाकून जावं लागलं, तेव्हा यापुढे ही लेखणी संतचरित्रांखेरीज कशालाही लावणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली, असं सांगतात. १७६२ मध्ये 'भक्तविजय' पुरा झाला, १७७४ मध्ये 'भक्तलीलामृत'. या ग्रंथांना आपण कथासंग्रह म्हणत नाही. पण एकेका माणसाची एकेक गोष्ट, सुटी वाचता येणारी, प्रसंग, संवाद, पेच आणि उकल असलेली, असंच हे लेखन आहे. अमेरिकन मराठी मिशनमधल्या जस्टिन अॅबट यांनी 'भक्तविजया'चं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा त्याला 'स्टोरीज ऑफ इंडियन सेंट्स' असं नाव देऊन टाकलं. परक्या माणसाला ते चटकन दिसलं.

या महिपतींनाही मागच्या रांगेचा प्रश्न पाठ होता. ग्रंथाच्या आरंभीच ते श्रोत्यांना सांगून मोकळे होतात की हे मी मनाने रचलेलं नाही. नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांनी आधी लिहिलं आहे, त्यांच्या आधाराने मी सांगतो. पदरचं काही नाही, अशी ही हमी. पण नामदेवाच्या घरातली चणचण आणि तुकारामाच्या बायकोचा त्रागा महिपती ज्या चवीने रंगवतात, ते वाचताना हा माणूस अठराव्या शतकातल्या आपल्याच गावच्या संसारांकडे बघून लिहितो आहे, याबद्दल मला शंका राहत नाही. पारायणाला बसलेल्या बायकांना तरी कुठे शंका होती? त्यांना त्या त्राग्यातली बाई शेजारच्या घरातली म्हणूनच कळली असणार.

छापखाना आल्यावर ऐकणारा हळूहळू वाचणारा झाला. नगरला १८३८ मध्ये वाचनालय निघालं; आजचं जिल्हा वाचनालय ते हेच, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. १८४२ मध्ये अमेरिकन मिशनने 'ज्ञानोदय' नगरहून सुरू केलं, पुढे ते मुंबईला गेलं. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये याच पत्रात छापून आला. त्या लेखनातलं खरं किती, हे विचारायची कुणाची छाती झाली नसेल.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट वेगळी. रेव्हरंड टिळकांच्या संसारातली त्यांची कितीतरी वर्षं नगर-राहुरीकडे गेली; १९०० साली राहुरीलाच त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. 'स्मृतिचित्रे' आधी नियतकालिकातून हप्त्याहप्त्याने आली आणि मग १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत. ते आत्मचरित्र आहे, पण वाचकाने ते वाचलं गोष्टींसारखंच, एकेक प्रसंग सुटा करून, एकमेकांना सांगत. त्यात नावं खरी, गावं खरी, नवऱ्याचा विक्षिप्तपणा खरा आणि स्वतःची फजितीही खरी. बाईंनी मागच्या रांगेचा प्रश्न उरूच दिला नाही. मराठीतल्या कथाकारांना ही सोय नसते. त्यांना नावं बदलावी लागतात, आणि नाव बदललं की चौकशी सुरू होते.

ग्रंथालयात जाऊन कथासंग्रहांच्या कपाटासमोर थोडा वेळ उभं राहिलं तरी वाचकाविषयी बरंच कळतं. राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. 'ड' वर्गाचं ग्रंथालय म्हणजे बहुतेक गावी एक खोली, दोन-चार कपाटं, वर्तमानपत्रांचं टेबल आणि तुटपुंज्या मानधनावर ती खोली उघडणारा एक माणूस. कादंबऱ्यांच्या कपाटाची कडी झिजलेली असते. कथासंग्रह त्या मानाने नवेच दिसतात. हातात घेऊन पानांची कड बघावी: पहिल्या तीन-चार कथांपर्यंत ती मळलेली असते, पुढे पांढरी. मधेच एखादी कथा काळवंडलेली सापडते. ती कुणीतरी कुणाला तरी 'ही वाच' म्हणून सांगितलेली कथा. संग्रह असा सलग कुणी वाचत नाही. वाचकाला पुस्तक आवडत नसतं, एखादी कथा आवडते, आणि ती आवडल्यावर तो लेखकाचं नाव विसरतो पण माणसं विसरत नाही.

मग पेन्सिलीचे शेरे. ग्रंथपालांचा त्यावर राग असतो आणि तो रास्तच आहे. तरी मराठी कथेच्या वाचकांची सर्वांत प्रामाणिक कागदपत्रं हीच आहेत असं मला वाटतं. 'छान', 'रडू आलं', 'शेवट कळला नाही' हे नेहमीचे. त्याहून मोलाचे शेरे दुरुस्तीचे असतात. लेखकाने विहिरीवरच्या मोटेचं वर्णन केलेलं असतं आणि समासात कुणीतरी ठाम हाताने 'चूक' लिहिलेलं असतं. पाथर्डी-शेवगावकडचा वाचक ऊसतोडीची कथा वाचतो, तेव्हा मुकादमाने आगाऊ उचल कधी दिली, टोळी कधी हलली, कारखान्याचा पट्टा पडून हंगाम कधी संपला, याचा हिशेब तो मनात करतच असतो. तोडणीचा हंगाम दिवाळीच्या सुमाराला उभा राहतो आणि उन्हाळा लागला की आटोपतो. उचल त्याच्या कितीतरी आधी घरात येऊन खर्चूनही गेलेली असते. कथेतल्या मुकादमाने ऐन चैत्रात नव्या टोळीला उचल वाटली, की या वाचकाचा लेखकावरचा विश्वास तिथेच संपतो. पुढे कितीही करुण प्रसंग असू द्या. शहरातल्या परीक्षकाला ही चूक दिसत नाही. त्याला भाषा दिसते.

हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा. उत्तरेला कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर: पाट, ऊस, कारखाने, कॉलेजं. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर: टँकर, छावण्या, स्थलांतर. अकोल्यात सह्याद्रीचा पाऊस आणि भंडारदऱ्याचं धरण. एकाच दुष्काळाची कथा राहात्यात आणि जामखेडात सारखी वाचली जाणं शक्यच नाही. ह. ना. आपट्यांची 'काळ तर मोठा कठीण आला' ही दुष्काळावरची कथा मराठी कथेच्या आरंभीची मोठी कथा म्हणून अभ्यासक्रमांत फिरत राहिली. दक्षिण नगरच्या घरांत १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगणारी माणसं अजून आहेत. त्यांच्यासमोर ती वाचली तर वाङ्मयेतिहास बाजूला राहील आणि खडी फोडायला कोण कुठे होतं यावर रात्र जाईल. याला प्रतिक्रिया म्हणायचं की नाही? माझ्या मते यापेक्षा चांगली प्रतिक्रिया नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत वाचनाआधी कथा कानावर पडली ती कथाकथनातून. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथा व्यासपीठावर आणली, आणि गणेशोत्सव, व्याख्यानमाला, कारखान्यांच्या वसाहती यांतून ती गावोगाव गेली. ज्यांच्या घरात पुस्तक नव्हतं त्यांनाही 'धिंड' आणि 'व्यंकूची शिकवणी' ठाऊक झाली. या उपक्रमाचं ऋण मोठं आहे. पण एक तोटाही झाला, आणि तो स्पष्ट सांगायला हवा. समोर हजार माणसं बसली की हशा ही एकच प्रतिक्रिया लेखकाला ऐकू येते. गप्प झालेला माणूस ऐकू येत नाही. मागून आलेल्या अनेकांनी त्या हशाच्या बेताने कथा लिहिल्या आणि ग्रामीण कथेतला माणूस इरसाल, बेरकी, बनेल एवढाच उरला. खुद्द माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मध्ये, १९४९ च्या त्या पुस्तकात, हसू येतं ते घशात अडकणारं. धर्मा रामोशी किंवा रामा मैलकुली वाचून हशा पिकवता येत नाही. गंमत म्हणजे तिथेही वाचकाने पहिला प्रश्न हाच केला असणार: ही माणसं खरोखर होती?

गप्प झालेला वाचक पाहायचा असेल तर शाळेकडे जावं लागतं. आपल्याकडे बहुसंख्य माणसांनी आयुष्यात वाचलेल्या साहित्यिक कथा म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या कथा. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' अशीच पाठ्यपुस्तकातून घराघरांत पोचली. बाजारात भाव मिळत नाही म्हणून घाम गाळून पिकवलेले टोमॅटो शेतकरी बाप स्वतःच तुडवतो, आणि हे बघतो त्याचा मुलगा. कथा मराठवाड्याच्या मातीतली. पण संगमनेर-अकोल्याच्या टोमॅटो पट्ट्यातल्या मुलाला ती वाचायला भाषांतराची गरज पडली नाही. तिथल्या वर्गात 'लेखकाला काय सुचवायचे आहे?' हा प्रश्न फळ्यावर लिहिणाऱ्या बाईंना आणि सरांना माहीत असतं, की समोरच्या बाकावरच्या पोरांपैकी कुणाच्या घरी गेल्या आठवड्यात क्रेट परत आले. पोरं प्रश्नाचं उत्तर मार्गदर्शकातलं लिहितात, दोन गुण मिळवतात. खरी प्रतिक्रिया वहीत येत नाही. ती वीस वर्षांनी येते, दर कोसळल्यावर, रस्त्यावर ओतलेल्या मालाच्या फोटोखाली कुणीतरी 'लाल चिखल' एवढंच लिहितं तेव्हा. लेखकाचं नाव नाही, संग्रहाचं नाव नाही. बाकीच्यांना कळतं.

आता अकोले. दया पवार या तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांचं 'बलुतं' १९७८ मध्ये ग्रंथालीने काढलं. ग्रंथाली ही स्वतःला वाचक चळवळ म्हणवणारी संस्था, आणि तिच्या पदरी पहिलं मोठं वादळ आलं ते या पुस्तकाचं, हा योग सुंदर आहे. 'बलुतं' हे आत्मकथन, कथासंग्रह नव्हे. तरी कथेच्या वाचकाविषयी बोलताना मला ते टाळता येत नाही, कारण 'खरं किती' या प्रश्नाशी इतकं धीटपणे खेळलेलं दुसरं मराठी पुस्तक मला माहीत नाही. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ती ऐकून घेणारा असतो शहरात स्थिरावलेला दया पवार. माणूस एकच, पण त्याने स्वतःचे दोन भाग केले. सांगणाराही मीच आणि मागच्या रांगेत बसून चौकशी करणाराही मीच, अशी ती रचना आहे.

प्रतिक्रिया दोन बाजूंनी आल्या. पांढरपेशा वाचक हादरला, पु. ल. देशपांड्यांनी पुस्तकाची पाठराखण केली आणि ते घरोघर गेलं. गावकुसाबाहेरचं जगणं आपल्या शेजारी असून आपल्याला ठाऊक नव्हतं, ही त्या हादऱ्यातली शरम. दुसरीकडे, ज्यांचं ते जगणं होतं त्यांच्यातल्या अनेक शिकलेल्यांना ते सोसलं नाही. मुंबईतली कावाखाना ही वस्ती, तिथली भांडणं, व्यसनं, बायकांचे हाल, आईचं दुःख हे सगळं नावानिशी उघड्यावर का मांडलं, आम्ही एवढ्या कष्टाने चारचौघांत बसायला लागलो आणि तुम्ही लक्तरं वेशीवर टांगलीत, असा तो राग. समीक्षकांनी या रागाला पुष्कळदा संकुचित ठरवलं. मला तसं म्हणवत नाही. 'हा कोण?' या प्रश्नाचं उत्तर जेव्हा 'मी' किंवा 'माझी आई' असं येतं, तेव्हा वाचकाला रागावण्याचा हक्क असतो. पांढरपेशांच्या कौतुकापेक्षा या रागाने पुस्तक अधिक नीट वाचलं होतं, असंही म्हणता येईल. काय लिहिलं आहे आणि त्याची किंमत कुणाला मोजावी लागेल, हे त्याला बरोबर समजलं होतं.

याच दया पवारांचा 'विटाळ' हा कथासंग्रह आहे. 'बलुतं'च्या मानाने त्याची चर्चा फारच थोडी झाली. कारण उघड आहे. ज्याने एकदा खऱ्या नावांनी सगळं सांगितलं, त्याची बदललेल्या नावांची गोष्ट वाचकाला दुय्यम वाटायला लागते. आत्मकथनांच्या त्या लाटेत दलित कथेचा वाचक असाच थोडा निसटला. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह त्याच्या कितीतरी आधीचा, १९६३ चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो, खोली मिळावी म्हणून जात लपवतो आणि उघडी पडल्यावर मार खातो. बागुलांना स्वतःला सुरतेला असाच अनुभव आला होता. तेव्हाच्या काही वाचकांना ही कथा भडक वाटली. असं कुठे असतं का, असं त्यांचं म्हणणं. ज्यांनी भाड्याची खोली शोधताना आडनाव गिळलं होतं त्यांना ती भडक वाटायचं कारण नव्हतं. खरं किती हा प्रश्न दोघांचाही होता. एकाला त्याचं उत्तर पुस्तकात शोधायचं होतं, दुसऱ्याच्या अंगावर ते होतं.

उत्तरेच्या साखर पट्ट्यात ही चौकशी वेगळं रूप घेते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून इथलं सगळं आयुष्य संचालक मंडळ, सोसायटी, दूध संघ, शिक्षणसंस्था यांच्याभोवती फिरतं. रंगनाथ पठारे हे पारनेर तालुक्यातल्या जवळ्याचे, संगमनेरच्या कॉलेजात वर्षानुवर्षं पदार्थविज्ञान शिकवणारे. त्यांच्या 'ताम्रपट' या कादंबरीला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा म्हणून नेमलेल्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. पण मला इथे महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा कथासंग्रह, 'अनुभव विकणे आहे'. शीर्षकातच लेखकाने स्वतःची खोडी काढली आहे. कुणाचा अनुभव, आणि तो विकणारा तू कोण? ज्या गावात लेखक भाजी आणायला जातो त्याच गावाविषयी लिहितो, तिथे या प्रश्नाला पळवाट नसते. पुण्या-मुंबईच्या लेखकाला वाचक भेटतो तो समारंभात. तालुक्याच्या लेखकाला तो एसटी स्टँडवर भेटतो आणि म्हणतो, 'त्या चेअरमनचं बेस लिहिलंय, पण त्याचा भाऊ का गाळला?'

'या कथांतील पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत' ही ओळ पुस्तकाच्या सुरुवातीला छापायची पद्धत आहे. साखर पट्ट्यात तिचा परिणाम उलटा होतो. ती वाचली की वाचक सावरून बसतो.

साहित्यव्यवहारात मात्र कथेचं स्थान दुय्यमच. भालचंद्र नेमाडे काही काळ नगरला शिकवत होते. कथा हा त्यांच्या लेखी हलका वाङ्मयप्रकार, आणि हे मत त्यांनी कधी लपवलं नाही. नगरला १९९७ मध्ये सत्तरावं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते ना. सं. इनामदार, तेही कादंबरीकार. ग्रंथप्रदर्शनांतून पिशव्या भरून जातात त्या कादंबऱ्यांनी आणि चरित्रांनी. कथासंग्रहाची हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षं लागतात. तरीही जयंत पवार, आसाराम लोमटे, किरण गुरव यांच्या कथासंग्रहांना गेल्या काही वर्षांत साहित्य अकादमी मिळाली, म्हणजे कथा काही मेलेली नाही. तिला वाचक नाहीत हेही खरं नाही. ते मोजले जात नाहीत एवढंच, कारण ते पुस्तक विकत घेत नाहीत, कथा मागून वाचतात.

आणि मागची रांग जिथे अडखळते असा एक कथाकार आहेच: जी. ए. कुलकर्णी. धारवाडला इंग्रजी शिकवणारे, सभा-समारंभ टाळणारे, पत्रांना मात्र भरभरून उत्तरं देणारे. 'काजळमाया' किंवा 'रमलखुणा' वाचताना 'हा आपल्या गावचा कोण?' हे विचारून बघा. 'विदूषक', 'प्रवासी', 'इस्किलार' यांना गावच नाही. या कथांनी वाचकांची एक वेगळीच जात तयार केली, पानंच्या पानं पाठ असलेली, आणि अशी माणसं नगर, संगमनेर, श्रीरामपूर अशा गावांत हमखास सापडतात: एखादे बँकेतले गृहस्थ, एखाद्या शाळेतल्या बाई. दिसायला साधी, पण जी.एं.चा विषय निघाला की आवाज बदलतो. त्यांना विचारलं की त्या कथांतलं खरं काय, तर ती माणसं दुसऱ्या कुणाचं नाव घेत नाहीत. स्वतःचंच घेतात. भाऊ गेला तेव्हा वाचली होती, नोकरी सुटली तेव्हा वाचली होती. म्हणजे चौकशी इथेही सुटत नाही. फक्त तिचा रोख आत वळतो. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठला, तेव्हा जी.एं.नी पुरस्कार परत करून टाकला. एवढ्या कथा असताना कुणाला तारीख वाचावीशी वाटली! वाचकांच्या प्रतिक्रियांचा इतिहास लिहायचा तर हीही एक त्यात घालावी लागेल.

जी.एं.च्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्रांचे खंड निघाले, वाचकप्रिय झाले. वाचकांनी त्यांना लिहिलेली पत्रं मात्र आपल्यासमोर तशी आलेली नाहीत. नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना मौलाना आझादांनी लिहिलेली, कधीच पोस्टात न पडलेली पत्रं 'गुबार-ए-खातिर' म्हणून उर्दू साहित्यात अमर झाली. ज्या वाचकांनी पोस्टकार्ड लिहून खरोखर पेटीत टाकलं, त्यांची कार्डं लेखकांच्या माळ्यावर वाळवीने खाल्ली. कुणी ती जपली असतील तर एखाद्या जिल्हा वाचनालयाने मागून घ्यावीत. हस्तलिखितांइतकीच ती मोलाची आहेत.

पोस्टकार्ड गेलं, तरी दिवाळी अंकांनी एक पद्धत पाडली आहे, ती जगातल्या किती भाषांत असेल कोण जाणे. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा कुणाला सुचलं नसेल, की पुढे कथेच्या शेवटी लेखकाचा मोबाइल नंबर छापला जाईल आणि वाचक तो फिरवेल. वसुबारसेपासून देवदिवाळीपर्यंत कथाकारांचे फोन वाजत असतात. निम्मे फोन 'छान आहे, अभिनंदन' एवढ्यावर आटोपतात. ते लेखकाला बरं वाटावं म्हणून केलेले असतात आणि त्यांचा काही उपयोग नसतो. पण रात्री साडेनऊला एखाद्या वाडीवरून फोन येतो, पलीकडचा माणूस नावही न सांगता म्हणतो, 'तुमच्या कथेतला म्हातारा आमच्या चुलत्यासारखा आहे. पण आमच्या चुलत्याने विहीर विकली नव्हती. तुम्ही का विकायला लावली?' या प्रश्नाला उत्तर देताना कथाकाराची जी तारांबळ उडते, तेवढी कुठल्याही परिसंवादात उडत नाही.

तेव्हा वाचकहो, हा अंक हातात आहेच. यातल्या एखाद्या कथेने कुणाची आठवण करून दिली, कुठे हिशेब चुकल्यासारखा वाटला, विहीर विकायला नको होती असं वाटलं, तर लेखकाला तेवढंच कळवा; अभिनंदन राहू द्या. आणि अंक वाचून झाला की गावच्या वाचनालयात नेऊन द्या. दिवाळी अंकांची वर्गणी भरणारे सभासद तिथे तुळशीचं लग्न उलटून गेलं तरी यादीत नंबर लावून बसलेले असतात.